डेफिशियन्सी: रक्तात, माडात आणि कागदपत्रांत

रक्ताच्या रिपोर्टवर ‘व्हिटॅमिन डी डेफिशियन्सी’ असते. मृदा आरोग्य पत्रिकेवर बोरॉनसमोर ‘डेफिशियंट’ छापलेले असते. बांधकाम परवान्याचा अर्ज दिला की काही दिवसांनी येणाऱ्या पत्रात ‘खालील डेफिशियन्सीज दूर कराव्यात’ असते. शब्द एकच, पण पहिल्या कागदावर उपाय औषध, दुसऱ्यावर खत आणि तिसऱ्यावर बहुधा झेरॉक्स. गोंधळ होतो तो इथे. त्यामुळे हा शब्द नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते एकदा नीट पाहू.

लॅटिनमध्ये ‘डेफिकेरे’ म्हणजे कमी पडणे, अपुरे ठरणे. त्यातून डेफिशियन्सी आला. ‘सफिशियंट’ आणि ‘एफिशियंट’ हेही त्याच धातूचे. कमी पडणे म्हटले की कशाच्या तरी मानाने कमी पडणे आलेच. म्हणून या शब्दात तीन गोष्टी गृहीत असतात: कोणती वस्तू, ती कशी मोजली आणि किमान किती हवी हे कोणी ठरवले. यातली एक जरी माहीत नसली तरी ‘तुम्हाला डेफिशियन्सी आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही. औषधाच्या दुकानात उभ्या उभ्या मिळालेले निदान बहुतेक वेळा असेच असते.

वापराचे दोन-तीन नियम. ‘आयर्न डेफिशियन्सी’ आणि ‘डेफिशियन्सी ऑफ आयर्न’ दोन्ही बरोबर. विशेषण वापरताना मात्र ‘डेफिशियंट इन आयर्न’ म्हणायचे. ‘डेफिशियंट ऑफ’ चूक. ‘लॅक’ हे क्रियापद असेल तर त्यापुढे ‘ऑफ’ येत नाही, नाम असेल तर येते. अर्जांत ही चूक सर्रास दिसते.

जवळच्या शब्दांतला फरक गोव्यातल्या पाण्यावरून चटकन कळतो. ओपाची जलवाहिनी फुटून तिसवाडीत चार दिवस नळ कोरडे राहिले, तर ती ‘शॉर्टेज’, म्हणजे तुटवडा: मागणी आहे, माल वेळेवर पोचला नाही, दुरुस्ती झाली की संपतो. वर्षानुवर्षांची टंचाई ती ‘स्कार्सिटी’. खर्चातून जमा वजा करून उरते ती ‘डेफिसिट’, आपल्याकडे तूट. हा हिशेबातला आकडा, अर्थसंकल्पातल्या राजकोषीय तुटीसारखा. ‘इनसफिशियन्सी’ वैद्यकात दोन अर्थांनी येते: एखादा अवयव काम पुरे करत नाही, जसे रीनल इनसफिशियन्सी, किंवा मोजमाप कमतरतेच्या रेषेच्या वर पण पुरेशा पातळीच्या खाली आहे. आणि ‘ॲबसेन्स’ म्हणजे अभाव, मुळातच नसणे. शाळेच्या पुस्तकात ‘लोहाचा अभाव’ वाचायला मिळतो तो शब्दशः घेतला तर माणूस जिवंतच राहणार नाही. तिथे हवा असतो शब्द ‘कमतरता’.

रक्ताचा रिपोर्ट

सर्वांत जास्त गैरसमज लोहाबद्दल आहेत. ‘रक्त कमी आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा रक्ताचे प्रमाण कमी नसते, हिमोग्लोबिन कमी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाने प्रौढ पुरुषात १३, गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ आणि गरोदर स्त्रीत ११ ग्रॅम प्रति डेसिलिटरखाली हिमोग्लोबिन आले की रक्तक्षय म्हणतात. २०२४ च्या सुधारणेत गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांसाठी ही रेषा १०.५ केली आहे. पण रक्तक्षय म्हणजे आयर्न डेफिशियन्सी नव्हे. लोह कमी न होताही रक्तक्षय होतो, आणि लोह संपत आले तरी बराच काळ हिमोग्लोबिन जागेवर राहू शकते.

लोह टप्प्याटप्प्याने उतरते. आधी साठा संपतो, तो फेरिटिनच्या तपासणीत दिसतो. मग रक्तातून लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन अर्धेमुर्धे रिकामे फिरू लागते. सगळ्यांत शेवटी तांबड्या पेशी लहान आणि फिकट निघतात, एमसीव्ही, म्हणजे पेशीचे सरासरी आकारमान, ८० फेम्टोलिटरखाली जाते आणि हिमोग्लोबिन पडते. म्हणून थकवा, केस गळणे, जिना चढताना धाप लागणे असताना नुसत्या सीबीसीवर (रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीवर) ‘सगळे नॉर्मल’ म्हणून फाइल बंद करू नये. फेरिटिन करून घ्यावे.

फेरिटिनचा आकडा वाचताना दोन अडचणी येतात. पहिली, छापील रेंज. निरोगी समजलेल्या लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे घेऊन लॅब ती बनवते. ज्या समाजात पुष्कळ स्त्रियांचे लोह मुळातच कमी आहे तिथे रेंजच खाली सरकते. काही लॅबची स्त्रियांची रेंज १० ते १२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपासून सुरू होते, तर जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढात १५ च्या खाली कमतरता मानते. म्हणजे १३ आकड्यापुढे लाल खूण नसली तरी कमतरता असू शकते. दुसरी अडचण उलटी: ताप, संधिवात, कुठलाही दाह असेल तर फेरिटिन आपोआप वर चढते. अशा वेळी तीच संघटना ७० पर्यंतचा आकडाही संशयास्पद धरते. सोबत सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारे प्रथिन, तपासले की हा घोळ सुटतो.

दाहात आणखी एक गोष्ट होते. लोह साठ्यात असते, पण यकृतातून निघणारे हेप्सिडिन हे संप्रेरक त्याचा मार्ग अडवते. लोह आहे, पण वापरता येत नाही. याला फंक्शनल डेफिशियन्सी म्हणतात आणि तिथे गोळ्यांचा ढीग फारसा उपयोगी पडत नाही. ‘आहे पण मिळत नाही’ हा प्रकार पुढे माडाच्या बाबतीतही येणार आहे.

गोळी घेताना पाकिटावरचा आकडा नीट पाहावा. २०० मिलिग्रॅम सुके फेरस सल्फेट म्हणजे प्रत्यक्षात साधारण ६० ते ६५ मिलिग्रॅम लोह. अंगणवाडी किंवा आरोग्य केंद्रातून गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या तांबड्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस. गोळी चहा, दूध, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीच्या औषधाबरोबर घेतली की फुकट जाते. लिंबूपाण्याबरोबर, रिकाम्या पोटी, चहापासून किमान तासभर दूर घ्यावी. पोट बिघडत असेल तर डॉक्टरांना विचारून दिवसाआड घ्यावी. एक मात्रा घेतल्यावर हेप्सिडिन दिवसभर वाढलेले राहते, त्यामुळे दिवसाआड घेतल्याने शोषण बिघडत नाही, उलट दर गोळीमागे सुधारते. शौचास काळे होणे अपेक्षित आहे, घाबरायचे नाही.

योग्य गोळी असेल तर दोन ते चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढते. आकडा १२ झाला की लोक गोळी बंद करतात, आणि सहा महिन्यांत पुन्हा तेच. कारण तोवर हिमोग्लोबिन भरलेले असते, साठा भरलेला नसतो. त्यासाठी पुढे आणखी तीन महिने लागतात. आणि मुळीच वाढले नाही तर? गोळी नियमित घेतली जात नसेल, कुठून तरी रक्त जात असेल (जास्त पाळी, मूळव्याध, जठरातला व्रण), हुककृमी असतील, किंवा निदानच चुकले असेल. थॅलॅसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकात एमसीव्ही कमी, पण फेरिटिन व्यवस्थित आणि तांबड्या पेशींची संख्या उलट जास्त असते. हिमोग्लोबिन ए-टू हा हिमोग्लोबिनचा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर सापडतो. त्याला वर्षानुवर्षे लोह देत राहणे चुकीचे आहे. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोहाची कमतरता निघाली तर आतड्यातून रक्त जात नाही ना, हे पाहिल्याशिवाय गोळीवर समाधान मानू नये. तिथे डेफिशियन्सी हे निदान नसते, लक्षण असते.

खाण्याबद्दल. तांबड्या भाजीचा तांबडेपणा लोहाचा नसतो, तो बीटासारख्याच एका रंगद्रव्याचा असतो. भाजीत लोह आहे, पण वनस्पतीतले लोह शरीर फार थोडे उचलते; वर लिंबू पिळले तर बरेच जास्त. मांस-मासळीतले लोह त्यापेक्षा सहज लागू पडते. तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) एकशिपी किंवा सुके हे लोह आणि बी-ट्वेल्व्ह दोन्हींसाठी उत्तम, आणि ते कॅप्सूलपेक्षा चविष्ट आहे हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

बी-ट्वेल्व्हची गोष्ट थोडी निराळी. ते मासळी, अंडी, मांस, दूध यांतच मिळते. त्यामुळे शुद्ध शाकाहारी घरात कमतरता जास्त दिसते, पण रोज बांगडा खाणाऱ्यालाही ती होऊ शकते: मधुमेहाचे मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर शोषण घटते. २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरखाली कमतरता, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. तळपायाला मुंग्या, तोल जाणे, विसरणे ही लक्षणे रक्तक्षय नसतानाही येतात. इथली मोठी चूक म्हणजे नुसते फॉलिक ॲसिड देणे. त्याने हिमोग्लोबिन सुधारते, सगळे बरे दिसते, आणि नसांचे नुकसान मात्र गुपचूप चालू राहते.

व्हिटॅमिन डी तर या शब्दाची परीक्षाच घेते. गोव्यात ऊन एवढे, तरी कमतरता कशी? त्वचेत हे जीवनसत्त्व बनवणारे किरण प्रामुख्याने भर दुपारी पोचतात, काचेतून येत नाहीत, सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो, आणि जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेलेच. कोवळ्या उन्हात बाल्कनीच्या काचेमागे बसून फारसे काही साधत नाही. आता रेषेबद्दल: २०११ साली अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरखाली ‘डेफिशियन्सी’ आणि २१ ते २९ ‘इनसफिशियन्सी’ ठरवले. त्याच सुमारास तिथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने जवळपास सगळ्यांना २० पुरेसे म्हटले. २०२४ मध्ये एंडोक्राइन सोसायटीने आपले जुने आकडे मागे घेतले. म्हणजे २४ आकडा असलेला माणूस एका कागदावर उणा आणि दुसऱ्यावर धडधाकट. रिपोर्ट नॅनोमोलमध्ये असेल तर अडीचने भागावे. ५० नॅनोमोल म्हणजे २० नॅनोग्रॅम. आणि एक इशारा, तो मात्र वादातीत आहे: ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल सहसा आठवड्याला एक असते. चिठ्ठी नीट न वाचता ती रोज घेतली तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.

भरून न येणारी कमतरता

जी-सिक्स-पीडी डेफिशियन्सी हे नाव ऐकून लोक ‘कुठली गोळी घ्यायची?’ असे विचारतात. घ्यायची काहीच नाही. टाळायची बरीच आहेत. ही तांबड्या पेशीतल्या एका एन्झाइमची जन्मजात कमतरता, एक्स गुणसूत्रावरून येणारी, म्हणून पुरुषांत जास्त. एरवी माणूस ठणठणीत असतो. पण व्हायवॅक्स मलेरिया पुन्हा उलटू नये म्हणून दिले जाणारे १४ दिवसांचे प्रायमाक्विन, कुष्ठरोगावरचे डॅप्सोन, किंवा कपाटातल्या नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्या यांनी तांबड्या पेशी फुटू लागतात: लघवी काळपट, डोळे पिवळे, एकदम अशक्तपणा. म्हणून प्रायमाक्विनआधी ही तपासणी हवी. ती कधी करायची हेही महत्त्वाचे आहे. पेशी फुटून गेल्यावर लगेच केली तर नव्या कोवळ्या पेशींत एन्झाइम जास्त असल्याने रिपोर्ट खोटा ‘नॉर्मल’ येऊ शकतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावी. निदान झाल्यावर टाळायच्या औषधांची यादी पाकिटात ठेवावी.

एड्सच्या पूर्ण नावातही डेफिशियन्सी आहे, पण त्याआधी ‘ॲक्वायर्ड’ आहे: जन्मजात नव्हे, नंतर आलेली.

आगरातले मीठ

समुद्र एवढा जवळ असताना आयोडीन कसे कमी पडेल, हा प्रश्न रास्त वाटतो. पण समुद्राच्या पाण्यातले आयोडीन मिठाच्या खड्यात जवळजवळ उतरतच नाही. आगरवाडा, नेरूल, हडफडे इथल्या मिठागरांतले जाडे मीठ चवीला कितीही चांगले असले तरी आयोडीनच्या दृष्टीने ते साधेच. म्हणून थेट खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकायला देशात बंदी आहे. कारखान्यात दशलक्षास ३० भाग आणि ग्राहकाच्या हातात किमान १५ भाग आयोडीन असावे असा दंडक आहे.

हिशेब सोपा आहे. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागते, गरोदर स्त्रीला २५०. मिठात १५ भाग असतील तर एका ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाच्या पाच ग्रॅम मिठातून ७५. उरलेले मासळी, दूध, अंडी यांतून यायला हवे. मासळी खाणाऱ्या घरात ते सहसा येते. शाकाहारी घरात, वर आगरातलेच मीठ, आणि घरात गरोदर बाई, हा संयोग मात्र टाळावा. बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. आयोडीनयुक्त मीठ बंद बरणीत, चुलीपासून लांब ठेवावे आणि शक्यतो शिजवून झाल्यावर घालावे. आगरातले मीठ खारवलेल्या मासळीला, लोणच्याला आणि माडाला.

माडाला मीठ घालण्याची जुनी पद्धत अंधश्रद्धा नाही. माडाला क्लोरीन लागते, बऱ्याच झाडांपेक्षा जास्त, आणि त्याची कमतरता नोंदलेली आहे. आज पोटॅश म्हणून आपण घालतो ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच. त्यातून ते आपोआप मिळते.

माडाची पाने वाचताना

वनस्पतीत कमतरता ओळखायचा पहिला नियम: पिवळेपणा खाली आहे की वर? नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम ही द्रव्ये झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकते, म्हणून त्यांची कमतरता खालच्या, जुन्या झावळांवर आधी दिसते. बोरॉन, कॅल्शियम, लोह यांना हलवता येत नाही. तिथे शेंड्याची नवी पाने आधी बिघडतात. एवढे कळले तरी अर्धे निदान झाले.

पालाश कमी असेल तर जुन्या झावळांवर नारिंगी ठिपके येऊन पाती टोकाकडून करपतात. मॅग्नेशियम कमी असेल तर कडा पिवळ्याधमक आणि मधल्या दांड्याजवळ हिरवा पट्टा शिल्लक. बोरॉन कमी असेल तर शेंड्याचे पान आखूड, चुरगळलेले, पाती टोकाला एकमेकांना चिकटलेल्या, कधी आकड्यासारख्या वळलेल्या. पोय (फुलोरा) सुकते, किंवा नारळ धरतात पण आत खोबरे नसते. हे चुकीचे वाचले जाते ते असे: कोवळ्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले तर ती कमतरता नव्हे, गेंडा भुंगा. बोंडाच्या (कोवळ्या नारळाच्या) टोपीखाली पांढरट त्रिकोणी डाग आणि पुढे तपकिरी चिरा, तर कोळी ही बारीक कीड. भुंग्याला बोरॅक्स आणि कोळ्याला मॅग्नेशियम घालणारे भाटकार (बागायतदार) कमी नाहीत.

गोव्याच्या मातीचा विचार करू. जांभ्याची, आम्ल, आणि वर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. त्या पावसात पालाश, मॅग्नेशियम, कॅल्शियम, बोरॉन खाली वाहून जातात. स्फुरद वाहून जात नाही, पण मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात. मातीत स्फुरद भरपूर, मुळांना मिळत नाही. इथेही फंक्शनल डेफिशियन्सीच. नुसते खत वाढवून उपयोग नाही, आधी आम्लता उतरवावी लागते. त्यासाठी आम्ल जमिनीत मोठ्या माडाला वर्षाला एक किलो चुना किंवा डोलोमाइट, उन्हाळ्याच्या शेवटी, रासायनिक खताच्या आधी दोन-तीन आठवडे. डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियमही असते, म्हणून आपल्याकडे ते सरस.

मोठ्या माडाची शिफारस केलेली मात्रा वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद, १२०० ग्रॅम पालाश. दुकानाच्या भाषेत साधारण १.१ किलो युरिया, १.६ किलो रॉक फॉस्फेट, दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश. एक तृतीयांश पावसाच्या सुरुवातीला, दोन तृतीयांश सप्टेंबरच्या आसपास, बुंध्यापासून १.८ मीटर त्रिज्येच्या आळ्यात. सगळे खत जूनमध्ये एकदम टाकले तर ते शेजाऱ्याच्या ओहोळात जाते. मॅग्नेशियमची लक्षणे असतील तर ५०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. एक जोडधोका: पालाश बेसुमार घातले की मॅग्नेशियमचे शोषण मागे पडते आणि आपण स्वतःच कमतरता तयार करतो.

बोरॉनचे प्रकरण नाजूक. मातीत ०.५ मिलिग्रॅम प्रति किलोखाली कमतरता, पण त्याच्या थोडे वर गेले की विषबाधा. कमी आणि जास्त यांतले अंतर कुठल्याच अन्नद्रव्यात एवढे अरुंद नाही. मोठ्या माडाला एका वेळी ५० ग्रॅम बोरॅक्स आळ्यात, ओल असताना, पसरून. पुन्हा द्यायचे तर काही महिन्यांनी आणि नवे पान पाहून. वाकडे झालेले पान सरळ होत नाही. माडाला महिन्याला साधारण एक झावळ येते, त्यामुळे फरक शेंड्यावर दिसायला निदान सहा महिने, आणि नारळाच्या संख्येत दिसायला दोन-तीन वर्षे. तीन महिन्यांत फरक नाही म्हणून मात्रा दुप्पट करणे हीच इथली नेहमीची चूक.

माती तपासायला देताना आळ्यात बुंध्यापासून सुमारे एक मीटरवर, वरची ३० सेंटिमीटर आणि खालची ३० ते ६० सेंटिमीटर अशी वेगवेगळी माती घ्यावी. भाटातल्या (बागायतीतल्या) सात-आठ माडांखालची एकत्र करून चौथाई पद्धतीने, म्हणजे ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत, अर्धा किलोवर आणावी, सावलीत वाळवावी. खत घातल्यावर तीन महिने नमुना घेऊ नये. गंजलेली पिकास वापरली तर लोह आणि जस्ताचे आकडे खोटे येतात. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेवर १२ गोष्टी असतात. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याखाली, जस्त ०.६ आणि लोह ४.५ मिलिग्रॅम प्रति किलोखाली असेल तर ‘कमी’. सामूचा (पीएच, म्हणजे आम्लतेचा) आकडा सगळ्यांत आधी वाचावा, कारण बाकीचे त्यावर ठरते. या रेषा सर्वसाधारण पिकांच्या आहेत. माडासाठी वरून चौदाव्या झावळीच्या पानांची तपासणी जास्त खरे सांगते. जुन्या गोव्यातल्या एला इथल्या कृषी संशोधन केंद्रात याबद्दल विचारता येते.

पावसाचे ‘डेफिशियंट’

हवामान खात्याची रेषा ठरलेली आहे. दीर्घकालीन सरासरीच्या उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांपर्यंत ‘नॉर्मल’, उणे २० ते ५९ ‘डेफिशियंट’, उणे ६० ते ९९ ‘लार्ज डेफिशियंट’. टक्केवारी इथल्याच सरासरीशी, सोलापूरच्या नव्हे. गोव्यात २२ टक्के कमी म्हणजे तरी २३०० मिलिमीटरच्या वर पाऊस, दुष्काळ नव्हे. बातमीचा मथळा वाचून साळावली धरणाची काळजी करण्याआधी धरणाची पातळी पाहावी.

पत्रातली आणि कायद्यातली त्रुटी

सरकारी पत्रात डेफिशियन्सी म्हणजे त्रुटी, आणि ती नकार नसते. अर्ज अजून जिवंत आहे. उत्तर देताना पत्रातले अनुक्रमांक तसेच ठेवावेत, प्रत्येकासमोर काय जोडले ते लिहावे, मूळ पत्राचा क्रमांक व तारीख घालावी, मुदत सांभाळावी आणि आवक शिक्का मारलेली प्रत घरी ठेवावी. एखादा मुद्दा लागू नसेल तर गप्प न राहता ‘लागू नाही, कारण’ असे लिहावे. नुसते सोडून दिले की दुसरे त्रुटीपत्र ठरलेलेच.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये मात्र या शब्दाला नेमकी व्याख्या आहे. वस्तूत असतो तो ‘डिफेक्ट’, कलम २(१०). सेवेत असते ती ‘डेफिशियन्सी’, कलम २(११): कायद्याने किंवा कराराने जी गुणवत्ता व पद्धत अपेक्षित होती तीत दोष, अपुरेपणा किंवा उणेपणा. नुकसान करणारा निष्काळजीपणा आणि ग्राहकापासून मुद्दाम माहिती दडवणे हेही त्यात येते. फ्रिजचा कंप्रेसर बिघडलेला निघाला तर डिफेक्ट. वॉरंटी असून मेकॅनिक महिनाभर फिरकला नाही तर डेफिशियन्सी. फ्लॅटचा ताबा करारापेक्षा उशिरा देणे हीही सेवेतली त्रुटी. घरबांधणी ही सेवा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच सांगितले. डॉक्टरांची सशुल्क सेवा १९९५ च्या निकालाने या कायद्यात येते, सर्वांना मोफत उपचार देणारे रुग्णालय येत नाही. २०२४ च्या निकालाप्रमाणे वकिलाची सेवाही येत नाही.

‘सेवा वाईट होती’ एवढे लिहून तक्रार टिकत नाही, कारण त्रुटी सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची. काय ठरले होते (करार, जाहिरात, पावती), प्रत्यक्षात काय मिळाले (फोटो, ईमेल, तारखा) आणि त्यामुळे नुकसान किती, ही तीन पाने वेगळी करावीत. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी, बऱ्याच गोष्टी तिथेच मिटतात. न मिटल्यास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. हेल्पलाइनवर किंवा कंपनीशी चाललेल्या पत्रव्यवहाराने ती आपोआप वाढत नाही, म्हणून ‘बघतो, करतो’ची उत्तरे येत असली तरी पहिली तारीख धरूनच मोजावे. समोरच्या पक्षाला म्हणणे मांडायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात, त्यापुढे आयोगही मुदत वाढवू शकत नाही.